लाल बाण दिसला, पण कळला का?

३१ डिसेंबरच्या रात्री कळंगुट-बागाच्या आकाशात इतकी आतषबाजी चालते, की बुडणाऱ्या बोटीने सोडलेला लाल बाण त्यात सहज खपून जाईल. ही अडचण जुनीच आहे. समुद्रावरच्या संकटखुणांचा इतिहास पाहिला, तर खूण करणाऱ्यापेक्षा ती पाहणाराच जास्त वेळा चुकलेला दिसतो.

एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिकने पांढरे बाण सोडले. ते जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरच्या अधिकाऱ्यांना दिसलेही. पण तेव्हाच्या नियमांत बाण कुठल्याही रंगाचा चाले, आणि जहाज कंपन्याही आपापल्या ओळखीसाठी बाण उडवत. त्या जहाजाचा वायरलेसवाला तर झोपून गेला होता. एसओएस १९०६च्या बर्लिन परिषदेतच ठरला होता, पण ऐकायला कुणी जागं नको? मोठ्या जहाजांवर चोवीस तास वायरलेस ऐकण्याची सक्ती १९१४च्या सोलास या सागरी सुरक्षेच्या करारात आली. लाल रंग पक्का व्हायला मात्र आणखी बराच काळ गेला.

आज चालते ती संकटखुणांची यादी १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतली. लाल बाण, नारिंगी धूर, साधारण मिनिटामिनिटाला तोफेचा बार, रेडिओवर ‘मेडे’ ही मदतीची हाक. डांबराचं पेटतं पिंपही अजून यादीत आहे. फायबरच्या होडीत ते पेटवायला कुठला तांडेल धजेल कोण जाणे! दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करणं हीसुद्धा संकटखूणच. किनाऱ्यावरचे पर्यटक त्याला हात हलवून उत्तर देतात, ही खरी भीती.

मग आतषबाजीतून खरा बाण ओळखायचा कसा? शोभेचा बाण फुटून क्षणात विझतो. पॅराशूटवाला लाल बाण तीनशे मीटरवर जातो आणि किमान चाळीस सेकंद जळत हळूहळू खाली येतो. हातात धरायची लाल ज्योत पाण्यालगत मिनिटभर तरी टिकते.

गोव्यातल्या मालीम, बेतुलचे मासेमारीचे ट्रॉलर दूर जातात, तिथून बाण किनाऱ्याला दिसतच नाही. अशांसाठी इस्रोने उपग्रहावरून संकटसंदेश पाठवणारं यंत्र केलं. पहिल्या यंत्रात बटण दाबलं तरी संदेश पोचला की नाही, हे खलाशाला कळत नसे. २०२४मध्ये आलेल्या सुधारित यंत्रावर पोच मिळते. किनाऱ्यावरून अशी एखादी संकटखूण दिसली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. फोनवर वेळ, दिशा आणि रंग आधी सांगावा.