आर्म प्रोसेसरवर विकसन-साधने चालवणे

इंटेल आणि एएमडीच्या एक्स८६-६४ आदेशसंचासाठी (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या संचासाठी) बांधलेले कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम), लायब्ररी, डेटाबेस व कंटेनर (सर्व गरजांसह बांधून दिलेले प्रोग्रॅम) ६४-बिट आर्म प्रोसेसरच्या संगणकावर वापरण्याची पद्धत. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचे एम१ चिप असलेले मॅक आले, तेव्हापासून हा प्रश्न रोजच्या कामाचा झाला.

साधनाची आर्मसाठी बांधलेली आवृत्ती मिळत असेल, तर तीच घ्यावी. गो १.१६, नोड १६ आणि जावा १७ या प्रोग्रॅमिंग साधनांच्या आवृत्त्यांपासून आर्म मॅकसाठी अधिकृत आवृत्त्या आहेत. नोड १४ वर अडकलेला प्रकल्प मात्र सहसा रोझेटा २ या, एक्स८६ प्रोग्रॅम आर्मवर चालवणाऱ्या ॲपलच्या अनुवादकातून चालवावा लागतो. रोझेटा बहुतेक अनुवाद पहिल्यांदा सुरू करतानाच करून ठेवतो, म्हणून पहिली सुरुवात रेंगाळते आणि पुढच्या झटपट होतात. कर्नल एक्स्टेन्शन (प्रणालीच्या गाभ्यात बसणारे जोड-प्रोग्रॅम) आणि एक्स८६ आभासी यंत्रे त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. मॅकओएस १५ च्या आधी त्याला एव्हीएक्स (एकदम अनेक आकड्यांवर गणित करणारे) आदेशही कळत नसत, त्यामुळे यंत्र-शिक्षणाच्या लायब्ररी ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळत. मॅकओएस २७ नंतर रोझेटाचा सर्वसाधारण पाठिंबा थांबेल असे ॲपलने जाहीर केले आहे; नवा प्रकल्प त्याच्या भरवशावर उभारू नये.

बहुतेक अडचणींचे मूळ एकच: एका प्रक्रियेत दोन आदेशसंच मिसळता येत नाहीत. आर्म पायथनने एक्स८६ लायब्ररी उघडायला घेतली, की ‘इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर’ ही चूक येते. जुन्या इंटेल मॅकवरून सगळे जसेच्या तसे हलवले, तर जुने होमब्रू (मॅकवर साधने बसवणारा पॅकेज-व्यवस्थापक) ‘/यूएसआर/लोकल’मध्ये सोबत येते, आर्मचे होमब्रू ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये राहते. दोन्ही पाथमध्ये (आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) असली की कोणते साधन कुठून उचलले जाईल याचा नेम राहत नाही. अशा वेळी पॅकेजांची यादी काढून ठेवावी, आर्मचे होमब्रू नव्याने बसवून पाथमध्ये पुढे आणावे, आणि पायथनची आभासी वातावरणे व ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर पुसून पुन्हा तयार करावेत. त्याआधी टर्मिनलच रोझेटाखाली उघडलेले नाही ना, हे पाहावे. अशा टर्मिनलमधून सुरू झालेली दुहेरी बांधणीची (आर्म व एक्स८६ दोन्हींसाठीची) साधनेही एक्स८६ म्हणूनच चालतात. ‘युनेम’ आज्ञा ‘एम’ पर्यायासह दिली की शेल (टर्मिनलमधील आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) कोणत्या बाजूचे आहे ते कळते, आणि ‘फाइल’ आज्ञेने एखाद्या बायनरीची (बांधून तयार झालेल्या फाइलची) जात कळते.

कंटेनर बनवणारे साधन डॉकर पर्याय न दिल्यास यजमान यंत्राच्या आदेशसंचाची प्रतिमा (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो साचा) बांधतो. ती एक्स८६ सर्व्हरवर गेली, की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येऊन कंटेनर उठतच नाही. डॉकरच्या बिल्डएक्स या बांधणी-साधनाला ‘प्लॅटफॉर्म’ पर्यायात ‘लिनक्स/एएमडी६४’ व ‘लिनक्स/आर्म६४’ दोन्ही द्यावेत. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या अनुकरणाखाली मोठे संकलन फार मंद चालते. शक्य असेल तिथे संकलनाचा टप्पा यजमानाच्याच आदेशसंचावर ठेवून क्रॉस-कंपाइल करणे (तिथूनच दुसऱ्या आदेशसंचासाठी कोड बांधणे) केव्हाही बरे.

सी आणि सी++ मध्ये चुका अधिक खोल दडतात. आर्म लिनक्सवर साधा ‘चार’ हा अक्षरांचा डेटाप्रकार चिन्हरहित (उणे किमती न धरणारा) असतो. एक्स८६ वर तो चिन्हयुक्त असतो, त्यामुळे उणे एकशी केलेली जी तुलना एक्स८६ वर जुळते, ती आर्म लिनक्सवर कधीच जुळत नाही. ॲपलच्या आर्म चिपवर मॅकओएस १६ केबीची स्मृतिपृष्ठे (स्मृतीचे ठरावीक तुकडे) वापरते, म्हणून ४,०९६ बाइट गृहीत धरणारा कोड मोडतो. सर्वांत चकवणारा भाग स्मृतिक्रमाचा. एक्स८६ वर एका धाग्याने (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाने) स्मृतीत केलेली लेखने इतरांना त्याच क्रमाने दिसतात. आर्म ही हमी देत नाही. कुलूप किंवा अणुक्रिया (मध्येच न तुटणारी क्रिया) न वापरता लिहिलेला कोड वर्षानुवर्षे बिनबोभाट चालून आर्मवर अधूनमधून बिघडतो. रोझेटा चालताना ॲपलची चिप एक्स८६ चाच क्रम पाळते, त्यामुळे अनुवादात ठीक चालणारा प्रोग्रॅम आर्मसाठी बांधल्यावर बिघडू शकतो. दोष नव्या चिपचा नसतो, कोडमध्ये आधीपासूनच असतो. धाग्यांमधल्या अशा चुका पकडणाऱ्या थ्रेडसॅनिटायझरखाली चाचण्या चालवल्यास तो बहुधा सापडतो.