एकच रिकव्हरी, दोन खनिजं: डिचोलीतला जुना गैरसमज

गोव्यात डिचोली-साखळीकडे लोहखनिजाच्या खाणीच्या गप्पा निघाल्या की हे ऐकू येतंच: 'प्लांटाची रिकव्हरी ७६ टक्के, म्हणजे मिश्रणातल्या दोन्ही मालांची ७६.' रिकव्हरी म्हणजे खनिज धुतल्यावर त्यातल्या लोहापैकी हाती लागलेला वाटा. हिशेब सोपा आहे, पण चुकीचा.

समजा, ६० टक्के लोहाचं ५० टन आणि ५० टक्क्यांचं ५० टन खनिज एकत्र धुतलं. लोह ३० अधिक २५, एकूण ५५ टन. हाती आलं ४१.८ टन लोह, म्हणजे ७६ टक्के. आता पहिल्याची रिकव्हरी ९० आणि दुसऱ्याची ५९.२ धरा, किंवा ८० आणि ७१.२ धरा, बेरीज तीच! समीकरण एक, अज्ञात दोन. एका दिवसाच्या आकड्यावरून निवाडा होतच नाही.

मग रोज मिश्रणाचं प्रमाण बदलून, बऱ्याच दिवसांच्या नोंदींवरून सांख्यिकी पद्धतीने अंदाज बांधावा लागतो. कायम निम्मं-निम्मं मिसळलं, तर वर्षभराच्या नोंदीही निरुपयोगी. शिवाय या हिशेबात वजन (महत्त्व) द्यायचं ते खनिजाच्या टनांना नव्हे, त्यातल्या लोहाला.

दोन्ही माल वेगवेगळे धुऊन केलेल्या चाचण्यांची बेरीजही डोळे मिटून घेऊ नये. एका मालातली चिकणमाती पाण्यात सुटली, की शेजारच्या चांगल्या खनिजाचे बारीक कणही गाळाबरोबर वाहून जाऊ शकतात.