विज्ञानकादंबरी ‘विज्ञान’ गटात टाकू नका

आवडत्या लेखिकेची राज्य पुरस्कारासाठी शिफारस कुठे करायची, असं वाचक विचारतात. पण मराठी पुस्तकांना राज्य शासन देतं त्या स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी वाचकाने शिफारस करायचा कुठलाही फॉर्म नाही. विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीच्या जागतिक ह्यूगो पुरस्कारात सभासद झालेला वाचक प्रत्येक गटात पाच नावं सुचवू शकतो. आपल्याकडे प्रवेशिका भरायची ती लेखिकेने किंवा तिच्या प्रकाशकाने. त्यामुळे एखादीची विज्ञानकथा, अद्भुतकथा तुम्हाला मनापासून आवडली असेल, तर तिच्या मागे लागून प्रवेशिका भरून घेणं हीच तुमची शिफारस. खान्देशात अशा लिहिणाऱ्या बाया आहेत. ‘आपलं कुठं लागणार’ म्हणत त्या पुस्तक पाठवतच नाहीत, आणि न आलेलं पुस्तक परीक्षक वाचणार कसं?

सरधोपट भाग आधी. पुस्तक मराठी हवं, पहिली आवृत्ती हवी आणि ते पुरस्काराच्या वर्षात, म्हणजे 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात निघालेलं हवं. जाहिरात महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ काढतं. भरलेली प्रवेशिका आणि पुस्तकाच्या दोन प्रती बंद लिफाफ्यात घालायच्या, लिफाफ्यावर पुरस्काराचं नाव आणि वर्ष ठळक लिहायचं. मुंबईबाहेरच्यांनी तो आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा.

आता गाडी अडते ती जागा. या पुरस्कारांत विज्ञानकथेचा वेगळा गट नाही. यादीत ‘विज्ञान व तंत्रज्ञान’ दिसतं आणि हात आपसूक तिथे जातो. तो गट माहितीपर पुस्तकांचा आहे. पाचोऱ्याकडच्या एका ताईंची कादंबरी मी वाचली होती. कोरड्या पडलेल्या तापीच्या पात्रात यंत्रं पाणी हुडकत फिरतात, आणि एक म्हातारी त्यांना अहिराणीत वाट सांगते. प्रकाशकाने प्रवेशिकेत बिनदिक्कत ‘विज्ञान’ लिहिलं. ताईंना हे कळलं तेव्हा मुदत सरली होती. त्यांचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. कादंबरी असेल तर कादंबरी, कथासंग्रह असेल तर लघुकथा, एवढंच लक्षात ठेवा. पहिलंच पुस्तक असेल तर ‘प्रथम प्रकाशन’ बघा, त्यात कादंबरी आणि लघुकथा दोन्हींसाठी जागा आहे.

दुसरी चूक अद्भुतकथांच्या वाट्याला येते. गोष्टीत राक्षस आहे, बोलणारं झाड आहे आणि लिहिणारी बाई आहे, म्हणजे बालवाङ्मय असं परस्पर ठरवलं जातं. याची मला खरोखर चीड येते. लहान मुलांसाठीच लिहिलं असेल तर जरूर तिथे द्या. बालकादंबरीचा पुरस्कार अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींच्या नावाचा आहे, बालकवितेचा धरणगावच्या बालकवींच्या. पण मोठ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक बालगटात घालू देऊ नका. प्रौढ गटाची रक्कम 1 लाख रुपये आहे, बालवाङ्मयाची 50 हजार.

तिसरी गोष्ट तारखेची. पुस्तक डिसेंबरात छापून घरी येतं, प्रकाशन समारंभ फेब्रुवारीत होतो आणि लेखिका समारंभाची तारीख धरून बसते. धरायचं ते पुस्तकातल्या मुद्रण-प्रकाशनाच्या पानावर छापलेलं. छपाईला देण्यापूर्वी ते पान स्वतः डोळ्यांखालून घाला. तिथे नुसतं ‘दिवाळी’ किंवा ‘अक्षय तृतीया’ नको, महिना आणि इसवी सन हवं. अनेक छापणारे हे पान शेवटच्या रात्री उरकतात.

मुदत साधारण 31 जानेवारीची असते. त्या वर्षीच्या जाहिरातीतली तारीखच प्रमाण माना. लिफाफा त्या तारखेपर्यंत पोचायला हवा, त्या दिवशी पोस्टात टाकून उपयोग नाही. शहाद्याहून नंदुरबार, चोपड्याहून जळगाव असा प्रवास आहे, म्हणून शेवटचा आठवडा गाठू नका. 26 जानेवारीच्या धावपळीत त्या कार्यालयांत कुणाला उसंत नसते. टेबलावरचा माणूस ‘हे आमच्याकडे नसतं’ म्हणाला तर मागे फिरू नका. वर्षातून एकदाच येणारं काम, त्याला ठाऊक नसतं. पण त्यापायी बाईला तीन चकरा का पडाव्यात? जाहिरातीची छापील प्रत सोबत ठेवा, जिल्हाधिकारी कार्यालयाचा उल्लेख असलेली ओळ अधोरेखित करा आणि समोर धरा. लिफाफा दिल्यावर प्रवेशिकेच्या झेरॉक्सवर तारखेसह आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आणि ज्यांना कुणासाठी काही करायचंय, त्यांनी तिच्या पुस्तकाच्या दोन कोऱ्या प्रती आजच विकत घेऊन बाजूला ठेवा. जानेवारी उजाडेपर्यंत लेखिकेकडे बहुधा एकच उरलेली असते, तीही कुणाला तरी सही करून दिलेली.