बँजोचा टणत्कार आणि एक नोबेल मानकरी

डेव्हिड पोलिट्झर यांचे नाव मूलकण-भौतिकीत घेतले जाते ते १९७३ मधील एका शोधनिबंधामुळे. हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी. करत असताना त्यांनी दाखवून दिले, की क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनलेले असतात ते मूलकण, एकमेकांच्या जितके जवळ येतात तितके त्यांच्यातील बल क्षीण होत जाते. हाच निष्कर्ष डेव्हिड ग्रॉस आणि फ्रँक विल्चेक यांनीही स्वतंत्रपणे काढला होता आणि २००४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेचे हे प्राध्यापक गाण्यातही रमतात. १९८० च्या दशकात त्यांनी ‘रो मेसॉन्स’ नावाच्या वाद्यवृंदासोबत सरल आवर्ती दोलकावर, म्हणजे स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारख्या नियमित झुलणाऱ्या वस्तूवर, रचलेले एक गाणे गायले होते. ते हौसेचा भाग म्हणून सोडून देता येईल; त्यांच्या बँजोवादनाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही, कारण हाताशी असलेल्या या वाद्याचा आवाज असाच का येतो, या प्रश्नावर त्यांनी रीतसर संशोधन केले.

बँजो म्हणजे थोडक्यात डफाला दांडी जोडून त्यावर ताणलेल्या तारा. (आपल्याकडे ‘बेंजो’ म्हणून ओळखले जाणारे कळांचे वाद्य वेगळे.) गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्यावर कातडे मढवून घडवलेली वाद्ये हे त्याचे मूळ होय. पुढे पाच तारांचा बँजो डोंगराळ भागातील लोकसंगीतात रुळला, तर चार तारांचा बँजो सुरुवातीच्या जॅझमध्ये ताल धरू लागला. जॅझचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट फाइव्ह’ या संचाने १९२५ मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रण सुरू केले, तेव्हा त्या संचात ना ड्रम होते ना बास, लयीचा भार पियानो आणि जॉनी सेंट सिर यांचा बँजो यांच्यावर होता.

लोकसंगीत आणि जॅझ या दोन्ही ठिकाणी बँजोला जागा मिळाली ती त्याच्या खणखणीत आवाजामुळे, आणि हा आवाज येतो तो डफासारख्या ताणलेल्या पडद्याच्या हलकेपणातून. गिटारची लाकडी फळी तुलनेने जड असल्यामुळे तारेची ऊर्जा सावकाश बाहेर पडते आणि स्वर रेंगाळतो. बँजोचा पातळ पडदा तीच ऊर्जा झपाट्याने हवेत सोडतो, त्यामुळे स्वर मोठा उमटतो आणि लगेच विझतो. दीर्घ स्वर धरता येत नाही म्हटल्यावर वादकाला मोकळी राहिलेली जागा भरावी लागते: लोकवादक छोट्या पाचव्या तारेचा आधारस्वर पुन्हा पुन्हा छेडत राहतो, तर जॅझवादक चारही तारांवर झपाझप आघात करतो. दोन्ही शैलींचा जो वेग श्रोत्यांना भावतो, त्यात वादकाच्या स्वभावाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, पडद्याच्या वजनाचा वाटा असावा असे मला वाटते. ध्वनिवर्धनाची सोय झाल्यावर १९३० च्या दशकात जॅझमध्ये गिटारने बँजोची जागा घेतली, तेही या दृष्टीने स्वाभाविकच होते.

तरीही टणत्काराचे कोडे उरतेच. बँजोची घोडी, म्हणजे तारांना खालून आधार देणारा छोटा तुकडा, पडद्यावर चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती उभी राहते आणि तारा तिच्यावरून कोन करून खाली उतरतात. पोलिट्झर यांनी २०१४ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की पडदा वर-खाली होताना घोडीही हलते आणि त्या कोनामुळे प्रत्येक हालचालीबरोबर तारा किंचित ताणल्या किंवा सैलावल्या जातात. ताण बदलला की स्वराची उंची बदलते, आणि इथे ती सेकंदाला शेकडो वेळा बदलत असल्यामुळे कानाला स्वराचे हेलकावे जाणवत नाहीत. त्याऐवजी मूळ स्वराभोवती नव्या वारंवारता उमटतात. इलेक्ट्रॉनिक वाद्यांमध्ये घंटेसारखा धातूचा आवाज निर्माण करण्यासाठी नेमकी हीच युक्ती वापरली जाते. टेलपीसची, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या भागाची उंची बदलून कोन वाढवला, की बँजोचा खास नाद अधिक उठून येतो, हे त्यांनी तपासून पाहिले. बँजोवादक ही खटपट पूर्वीपासून करत आले आहेत.

पाठीमागून उघड्या बँजोच्या आत कोंडलेल्या हवेचाही त्यांनी अभ्यास केला. अशा बँजोची मागची बाजू वादकाच्या पोटाला टेकत असल्यामुळे तिथल्या फटीतून हवा किती ये-जा करते, यावर खालच्या स्वरांचा भरदारपणा ठरतो, आणि बँजोच्या गोल कड्याची खोली बदलली की हा परिणामही बदलतो.

पुढे २०२१ मध्ये जिम वुडहाउस आणि हुसेन मन्सूर या संशोधकांसोबत त्यांनी बँजो आणि पोलादी तारांची गिटार यांची मोजमापे घेऊन संगणकावर बँजोचे स्वर तयार केले. एकेक घटक बदलून ऐकल्यावर त्यांना असे आढळले, की आवाज बँजोचा म्हणून ओळखू येण्यासाठी तारेची वेगवेगळी कंपने किती वेगाने विझतात, स्वराबरोबर वाद्याच्या अंगाचा क्षणिक ठोका किती ऐकू येतो आणि एकूण आवाज किती मोठा असतो, या गोष्टी महत्त्वाच्या असतात. तपासलेल्या बँजोत ५०० ते ८०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्याला मिळणारा उठावही निर्णायक ठरला, तर त्याहून उंच वारंवारतांवर चिमुकल्या घोडीची स्वतःची कंपने आवाजाला आणखी वेगळा रंग देताना दिसली.