तोटा कळतो, पण वळत नाही

सप्टेंबर 2024 मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांचा हिशेब जाहीर केला. तीन आर्थिक वर्षांत 93 टक्के लोक तोट्यात, सरासरी प्रत्येकी सुमारे दोन लाख रुपये. मला जास्त चक्रावून टाकलं ते पुढच्या ओळीने: लागोपाठ तोटा खाऊनही त्यातले 75 टक्क्यांहून जास्त लोक थांबले नाहीत. निव्वळ हाव म्हणावी, तर पोळल्यावर ती आवरायला हवी होती.

इथे डोपामाइन आठवतं, मेंदूतल्या पेशींमधलं निरोप्या रसायन. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती चुकीची. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन सोडणाऱ्या एकेका पेशीचे विद्युत्-स्पंद मोजले. अवचित फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी तडतडायची. आधी दिवा आणि मग रस, हे अंगवळणी पडल्यावर ती दिव्यालाच तडतडू लागली. प्रत्यक्ष रसाला ढिम्म. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी तिचे नेहमीचे स्पंदही थंडावायचे. म्हणजे पेशी मोजते ती मिळकत वजा अपेक्षा.

2003 मध्ये त्यांच्याच गटाने रस मिळण्याची शक्यता बदलून पाहिली. वाट पाहताना काही पेशींचे स्पंद हळूहळू चढत गेले, आणि सर्वांत जास्त चढले ते शक्यता निम्मी-निम्मी असताना. खात्रीच्या रसाला असा चढ जवळजवळ नाहीच. माकडावरून एक्स्पायरीच्या, म्हणजे सौदे मिटण्याच्या, दिवसावर थेट उडी मारू नये. तरी सौदा मिटेपर्यंत मोबाइलवरून नजर का हटत नाही, याचा धागा इथे असावा.

माणसातला पुरावा हालचाली जड करणाऱ्या पार्किन्सन आजाराच्या रुग्णांकडून आला. त्यांच्या डोपामाइन पेशी मरत जातात, म्हणून प्रामिपेक्सोलसारखं औषध देतात. ते डोपामाइनच्या जागी ग्राहींना, म्हणजे पेशींवर डोपामाइनचा निरोप घेणाऱ्या जागांना, चिकटतं. जन्मात पत्त्याला हात न लावलेले काही रुग्ण त्यावर जुगारी झाले, आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर बरेचसे सावरले. एक खुलासा असा: औषध ग्राहींना सतत चेतवत राहतं, त्यामुळे हरल्यावरचा तो थंडावा पुढे पोचतच नाही. पैसे गेल्याचं कळतं, धडा मात्र बसत नाही.

(मोबाइलसारखी सुखं काही काळ सोडून डोपामाइन घटवायचं, असा ‘डोपामाइन डिटॉक्स’ विकणाऱ्यांनी हे रुग्ण पाहावेत. डोपामाइन खरंच आटलं, तर शर्टाचं बटण लावणं जड जातं.)

हे औषध सुरू करताना चांगले डॉक्टर घरच्यांनाही बोलावून सांगतात: खर्चाकडे लक्ष ठेवा. रुग्णाला स्वतःत काही बदललंय असं बहुधा वाटतच नाही.