‘टीम’ आणि ‘पोलीस’: इंग्रजीत क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?

दोन्ही शब्द माणसांच्या गटासाठी येतात, दोन्ही दिसायला एकवचनी. पण व्याकरणात त्यांची जात वेगळी आहे.

‘टीम’, ‘कमिटी’, ‘ज्युरी’, ‘फॅमिली’ यांचं अनेकवचन होतं: ‘टू टीम्स’, ‘थ्री कमिटीज’. ‘टू पोलीसेस’ मात्र कुणी म्हणत नाही, कारण ‘पोलीस’ मुळातच अनेकवचनी चालतो. ‘कॅटल’ही तसाच. म्हणून ‘द पोलीस हॅज अरेस्टेड टू मेन’ लंडनमध्येही चूक आणि न्यू यॉर्कमध्येही चूक. तिथे ‘हॅव’च हवं. मराठीत आपण ‘एक पोलीस आला’ आणि ‘दोन पोलीस आले’ दोन्ही बिनदिक्कत म्हणतो, घोळ तिथेच होतो. इंग्रजीत एकट्यासाठी ‘अ पोलीस’ नाही, ‘अ पोलीस ऑफिसर’. आणि पुढे ‘फोर्स’ आलं की तो शब्द पहिल्या गटात जातो: ‘द पोलीस फोर्स इज’.

‘टीम’चं उत्तर देशानुसार बदलतं. अमेरिकेत जवळजवळ नेहमी एकवचन. ब्रिटनमध्ये अर्थ पाहतात: सगळ्यांचा निर्णय एक असेल तर ‘द ज्युरी हॅज रीच्ड इट्स व्हर्डिक्ट’, आपसात मतभेद असतील तर ‘द ज्युरी आर डिव्हायडेड’. क्रिकेटच्या बातम्यांतलं ‘इंडिया आर १५० फॉर ३’ याच ब्रिटिश रीतीचं. तिथे ‘इंडिया’ म्हणजे अकरा खेळाडू. देशाबद्दल लिहिताना ‘इंडिया इज’च. अमेरिकेतही पूर्वी इतका काटेकोरपणा नव्हता. १७८७ च्या त्यांच्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृह ‘देअर स्पीकर’ निवडेल असं लिहिलंय, ‘इट्स’ नाही.

खरी चूक होते ती सर्वनामात. ‘द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ या वाक्यात क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी झालं. ‘हॅज’ घेतलंत तर ‘इट्स’, ‘हॅव’ घेतलंत तर ‘देअर’. एकदा निवडलेलं वचन पूर्ण लेखभर सांभाळा. दुसरा सापळा ‘ऑफ’चा: ‘द टीम ऑफ डॉक्टर्स हॅज अराइव्ह्ड’मध्ये कर्ता ‘टीम’ आहे, शेजारी बसलेले ‘डॉक्टर्स’ नाहीत.

साध्या भूतकाळात ही अडचणच येत नाही, ‘द टीम वॉन’ दोन्ही वचनांत सारखंच. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ मात्र निवडावंच लागतं. तिथे अडलात तर ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी’ लिहा आणि निःशंकपणे ‘वेअर’ वापरा.