‘फूस लावून पळविले’ : हरवलेल्या बालकांविषयीच्या चर्चेची पार्श्वभूमी

दिव्यातील चाळीतून, घणसोलीच्या गावठाणातून किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या गल्लीतून दोन-अडीच वर्षांचे मूल दिसेनासे झाले, की त्याचा फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर बहुधा पोलीस ठाण्यातील नोंदीच्या आधी पोहोचतो. नोंद झाल्यानंतर वर्तमानपत्रात जी चार ओळींची बातमी येते, तिच्यात एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी, कशाची तरी फूस लावून, बालकास कायदेशीर रखवालीतून पळवून नेले. ज्या मुलाला अजून ‘पाणी’ म्हणता येत नाही आणि जे ‘मम’ एवढ्यावरच भागवते, त्याला कोण कसली फूस लावणार, असा प्रश्न हे वाक्य वाचताना सहसा कोणी विचारत नाही. बातमी वाचणारा ‘पळवून नेले’ एवढेच वाचतो, आणि तेथून टोळीपर्यंतचे अंतर फार नसते.

हे वाक्य कोणा बातमीदाराने रचलेले नाही, ते फिर्यादीतून येते. आणि फिर्यादीत ते कायद्यातून आले आहे. १८६० च्या दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये अज्ञान, म्हणजे कायद्याने ठरविलेल्या वयाखालील, व्यक्तीला तिच्या पालकाच्या संमतीवाचून त्याच्या रखवालीतून ‘नेणे किंवा फूस लावणे’ अशी अपहरणाची व्याख्या होती, आणि कलम ३६३ मध्ये त्यासाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा होती. ‘नेणे’ आणि ‘फूस लावणे’ हे मुळात दोन पर्याय. फिर्याद लिहिताना मात्र दोन्ही एका दमात लिहिण्याची पद्धत पडली, कारण कलमाचे शब्द फिर्यादीत उतरले की पुढे न्यायालयात अडचण येत नाही, असा लेखनिकाचा हिशेब असतो. या व्याख्येत बळजबरी लागत नाही, खंडणी लागत नाही, टोळी तर नाहीच नाही. घटस्फोटाच्या वादात मुलाला आपल्याकडे घेऊन जाणाऱ्या नातेवाइकावरही याच कलमाखाली गुन्हा नोंदविल्याची उदाहरणे कोणत्याही कुटुंब न्यायालयाच्या ओसरीवर ऐकायला मिळतात. बोलीतले ‘अपहरण’ आणि कायद्यातले ‘अपहरण’ हे असे दोन वेगळे शब्द आहेत. ते फक्त सारखे लिहिले जातात.

२०१३ पर्यंत या गोंधळाला फारसे महत्त्व नव्हते, कारण हरवलेल्या मुलांपैकी बहुतेकांची नोंद गुन्हा म्हणून होतच नसे. पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’चे वेगळे रजिस्टर असे. आईवडील आले की आधी नातेवाइकांकडे, गावाकडे, शेजारीपाजारी पाहून या असे सांगितले जाई आणि मग नाव, वय, वर्ण, अंगातले कपडे लिहून एक क्रमांक दिला जाई. चोवीस तास थांबावे लागते हा समज त्याच काळातला. कायद्यात असा नियम कुठेही नव्हता. तरीही तो इतका मुरलेला आहे की आजही कळव्यातला रिक्षावाला आणि पाम बीच रस्त्यावरचा सनदी लेखापाल दोघेही तो तितक्याच खात्रीने सांगतात. रेल्वे फलाटावर मूल चुकले तर आणखी एक वळसा असे, कारण फलाट लोहमार्ग पोलिसांचा आणि पुलाखालचा रस्ता शहर पोलिसांचा. हद्दीचा हा वाद मिटवायला पुढे ‘झिरो नंबर’ने, म्हणजे हद्द कोणाचीही असो, आधी गुन्हा नोंदवून मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग करण्याची पद्धत आली.

डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारी गावात एका घरामागच्या नाल्यात मुलांचे अवशेष सापडले, तेव्हा त्या गावातील गरीब पालक दीर्घकाळ पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते आणि त्यांच्या तक्रारी गुन्हा म्हणून घेतल्या गेल्या नव्हत्या, हे उघड झाले. त्यानंतरच्या काळात एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असे गृहीत धरून तपास सुरू करायचा. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यावा, हा नियमही त्याच प्रक्रियेतून पक्का झाला.

हा निर्णय बरोबर होता, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. रजिस्टरमधील क्रमांकापेक्षा गुन्हा क्रमांकाला वजन असते. तपासी अंमलदार नेमावा लागतो, वरिष्ठांना अहवाल द्यावा लागतो, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी मागविता येते. मात्र न्यायालयाने ‘गृहीत धरा’ असे म्हटले होते, ‘घडले आहे असे समजा’ असे नव्हे, आणि गृहीतक व निष्कर्ष यांतला हा फरक लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी कोणावरच टाकली गेली नाही. पोलिसांच्या रोजच्या पत्रकात तो नव्हता, बातमीत नव्हता आणि विधिमंडळात प्रश्नोत्तरांच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या आकड्यांतही नव्हता. परिणाम असा झाला, की काल ज्याची गणना मिसिंगमध्ये झाली असती ते आज अपहरणात मोजले जाऊ लागले आणि अपहरणाचे आकडे उसळले. ‘शहरात मुलांच्या अपहरणात मोठी वाढ’ हा मथळा खोटा नव्हता. फक्त वाढ नोंदीत झाली होती आणि वाचणाऱ्याला ती रस्त्यावर झाल्यासारखी वाटत होती.

त्या आकड्यांच्या आत कोण असते, हेही सहसा सांगितले जात नाही. देशपातळीवरील गुन्हे नोंदींनुसार २०२२ मध्ये ८३,३५० मुले बेपत्ता झाली आणि त्यांपैकी ६२,९४६ मुली होत्या. यातला मोठा भाग किशोरवयीनांचा : घरातून निघून गेलेल्या, प्रेमप्रकरणातून पळालेल्या, मारहाणीला कंटाळून गाडीत बसलेल्या मुलामुलींचा. दोन-तीन वर्षांच्या बालकांचा वाटा त्यात अगदी थोडा. पण मथळ्यासोबत चित्र छापले जाते ते बाहुली हातात धरलेल्या चिमुरडीच्या सावलीचे. शिवाय मूल सापडल्यावर काय होते, याची बातमी होत नाही. ते स्वतःच भटकत गेले होते असे निघाले, तर तपासी अंमलदार न्यायालयात ‘क’ समरी पाठवितो, म्हणजे फिर्याद ना खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली. ‘क’ समरी मंजूर झाल्याचे कोणी कोणाला पुढे पाठविल्याचे ऐकिवात नाही.

कोपरखैरणेतील आमच्या सोसायटीच्या गटावर एका मुलीचा फोटो दोन पावसाळ्यांत तीन वेळा आला. लाल फ्रॉक, उजव्या पायात काळा दोरा, कंबरेला करदोटा, आणि खाली नऊच आकड्यांचा मोबाइल क्रमांक. पहिल्या वेळी ती ‘काल संध्याकाळपासून’ बेपत्ता होती, दुसऱ्या वेळीही ‘काल संध्याकाळपासून’च, आणि तिसऱ्या वेळी मजकुरात पांढऱ्या ओमनी गाडीची भर पडली होती. दहावा आकडा नसल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण फोन कोणी केलाच नव्हता. तिसऱ्या वेळी मात्र तळमजल्यावरच्या एका आजींनी सायंकाळी नातवाला बागेत पाठविणे बंद केले, आणि दारावर जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बाईला रखवालदाराने फाटकातूनच परत लावले.

या भीतीचा वंशवेल जुना आहे. जेवत नसलेल्या मुलाला ‘झोळीवाला येईल’ म्हणून घाबरविणे, किंवा नवा पूल टिकावा म्हणून त्याच्या पायात मूल गाडतात अशी कुजबूज, या गोष्टी कित्येक पिढ्या ऐकत आल्या आहेत. १९९६ मध्ये या भीतीला खरा चेहरा मिळाला. एक आई आणि तिच्या दोन मुलींनी १९९० पासून तेरा लहान मुले पळविल्याचे आणि चोरी करताना संशय येऊ नये म्हणून ती गर्दीत कडेवर वागविल्याचे उघड झाले. नकोशी झालेली काही मुले त्यांनी मारून टाकली होती. कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, ती जानेवारी २०२२ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे जन्मठेपेत बदलली. ‘टोळी नसतेच’ असे महाराष्ट्रात कोणी म्हणू लागले, की समोरचा हे प्रकरण काढतो, आणि त्याला गप्प बसविता येत नाही.

मोबाइल आल्यावर झोळीवाला वेगाने पसरला. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनविलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा शेवट कापून उरलेला भाग खऱ्या अपहरणाचे चित्रण म्हणून भारतभर फिरविला गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. म्हणजे अक्षरशः झोळी घेऊन फिरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना मजकूर पाठविण्याची मर्यादा आणली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हा टाळेबंदी होती आणि पाड्यांवर चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. २०१४ पर्यंत तो मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, हे येथील वाचकाला वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात चार साधूंना मारहाण झाली ती याच संशयावरून.

एवढी जीवितहानी होऊनही चर्चेचा दुसरा प्रवाह, म्हणजे पालकांवरचा संशय, त्यामानाने दुर्लक्षित राहिला. ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये नऊ आठवड्यांचे तान्हे मूल तंबूतून नाहीसे झाले, तेव्हा आई कॅमेऱ्यासमोर रडत नाही यावरच देशभर खल झाला. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली, १९८८ मध्ये ती रद्द झाली, आणि मूल रानकुत्र्याने नेल्याचे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१२ साल उजाडले. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून मे २००७ मध्ये चार वर्षांची होत आलेली ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. त्या प्रकरणात तर एका शब्दानेच घात केला. तिथल्या पोलिसांनी आईवडिलांना ‘आर्गिदो’ हा दर्जा दिला. त्याने चौकशीत गप्प राहण्याचा आणि वकील सोबत ठेवण्याचा अधिकार मिळतो, पण इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचे भाषांतर सरळ ‘संशयित’ असे केले. मार्च २००८ मध्ये एका वृत्तपत्रसमूहाला पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंड द्यावे लागले. आपल्या ‘फूस’चा आणि त्यांच्या ‘आर्गिदो’चा प्रवास सारखाच आहे : कायद्याच्या खोलीतला शब्द ओसरीवर आला आणि त्याचा अर्थ बदलला.

आपल्याकडे हा संशय उत्पन्न पाहून पडतो. मूल चाळीतले असेल तर ‘आईचे लक्ष कुठे होते’ हा प्रश्न पहिल्या तासात येतो. संकुलातले असेल तर पहिला प्रश्न रखवालदाराविषयी असतो आणि दुसरा मोलकरणीविषयी. जुलै २०१९ मध्ये गोरेगावात एक चिमुरडा रात्री घराबाहेर आला आणि उघड्या गटारात पडला. ते सीसीटीव्हीत दिसले म्हणून अपहरणाची चर्चा उठली नाही, पण मूल सापडलेही नाही. जुलै २०२३ मध्ये ठाकुर्ली-कल्याण दरम्यान लोकल थांबून राहिल्यामुळे रुळांवरून चालत निघालेल्या कुटुंबाच्या हातून तान्हे बाळ नाल्यात निसटले, आणि आईच्या आक्रोशाची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. खाडी, उघडी गटारे, इमारतींच्या पायासाठी खणलेले आणि पावसात भरलेले खड्डे हे ज्या शहरांचे रोजचे वास्तव आहे, तेथे दोन वर्षांच्या मुलाचा शोध पहिल्या तासात पाण्याकडे वळायला हवा. चर्चा मात्र त्या तासात गाडीचा रंग ठरवीत असते.

फोटोंचा तिढा अजून सुटलेला नाही. मूल हरवले असते तोवर त्याचा चेहरा जितक्या लोकांपर्यंत पोहोचेल तितका हवा असतो. पण तेच मूल गुन्ह्याचे बळी ठरले, की बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली त्याची ओळख उघड करण्यास मनाई होते, आणि उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्यांनी काल मदत म्हणून फोटो पुढे पाठविला, त्यांच्या फोनमधून तो आज काढून घेण्याची सोय कोणाकडेच नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. मुलग्यासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षे हा जुना भेद जाऊन आता सरसकट ‘बालक’ असा शब्द आहे, आणि फिर्यादीत ३६३ ऐवजी १३७ (२) असे कलम लिहिले जाते. कलमापुढचे वाक्य लेखनिक पूर्वीचेच घेतो : अज्ञात इसमाने, अज्ञात कारणासाठी, कशाची तरी फूस लावून.